कंपाउंड धनुष्याचा स्कोप निवडताना...

बुलडाणा : मे २०२३ मध्ये चीनमधील शांघाय येथे तिरंदाजीच्या वर्ल्ड कपमध्ये कंपाउंड प्रकाराची अंतिम लढत रंगली होती. एका बाजूला होता नेदरलँड्सचा माइक श्लोसर. इनडोअर स्पर्धेत ६०० पैकी ६०० गुण मिळविणारा जगातील पहिला तिरंदाज म्हणून त्याची ओळख आणि 'मिस्टर परफेक्ट' हे त्याचे टोपणनाव. दुसऱ्या बाजूला होता बुलडाण्याचा १९ वर्षांचा प्रथमेश जावकर. दोघांनीही प्रत्येकी १५ बाण सोडले. श्लोसरचे गुण झाले १४८ आणि प्रथमेशचे १४९. एका गुणाने सुवर्णपदक बुलडाण्याला आले. त्याच वर्षी वर्ल्ड कप फायनलमध्ये प्रथमेशने रौप्यपदक मिळविले आणि ऑक्टोबरमध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा व नागपूरचा ओजस देवतळे यांच्या साथीने दक्षिण कोरियाला २३५-२३० असे हरवून सांघिक सुवर्णपदकही जिंकले.

या यशानंतर जिल्ह्यात धनुष्यबाणाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. 'मुलाला तिरंदाजीला घालायचे आहे, काय घ्यावे लागेल?' हा प्रश्न पालक विचारू लागले. धनुष्य आणि बाण यांच्या निवडीबाबत प्रशिक्षक मार्गदर्शन करतातच. मात्र नेम धरण्यासाठी धनुष्यावर बसविला जाणारा स्कोप ही वस्तू अनेकदा केवळ जाहिरात पाहून, मित्राने घेतला म्हणून किंवा 'जितके मोठे दिसेल तितके चांगले' या समजुतीतून विकत घेतली जाते. हा स्कोप बहुतांशी परदेशातून येतो आणि तो स्वस्त नाही. चुकीचा स्कोप घेतला तर पैसे वाया जातातच, शिवाय होतकरू खेळाडूचा हात बिघडतो आणि ते नुकसान भरून निघण्यास अनेक महिने जातात. म्हणूनच स्कोप म्हणजे नेमके काय, तो कोणी घ्यावा आणि घेताना काय तपासावे, याची ही माहिती.

रायफलची दुर्बीण वेगळी

'स्कोप' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रायफलवर बसविलेली लांबट दुर्बीण येते. प्रत्यक्षात ऑलिम्पिकमधील रायफल नेमबाजीत अशा दुर्बिणीला परवानगीच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले, ते दुर्बिणीविना. त्या रायफलवर मागे बारीक छिद्राची आणि पुढे वर्तुळाची अशी दोन साधने असतात. नेमबाज मागच्या छिद्रातून पुढचे वर्तुळ आणि त्यामध्ये लक्ष्याचा काळा गोल, असे एकात एक वर्तुळ बसवून नेम धरतो. नेमबाजीत दुर्बिणीला वाव आहे तो पळत्या लक्ष्याच्या प्रकारात. तेथेही १० मीटर अंतरासाठी चारपटीहून अधिक मोठे दाखविणारी दुर्बीण चालत नाही आणि हा प्रकार २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकनंतर ऑलिम्पिकमधून वगळण्यात आला.

कंपाउंड तिरंदाजीत मात्र भिंगाचा वापर नियमाने मान्य आहे. येथील स्कोप म्हणजे नळीच्या आकाराची दुर्बीण नव्हे. धातूच्या गोल कड्यात बसविलेले एकच भिंग, त्यावर नेमासाठी एक खूण आणि खालच्या बाजूला पाणसळ, एवढीच त्याची रचना असते. रायफलच्या दुर्बिणीत डोळा साधारणपणे ७ ते १० सेंटीमीटर अंतरावर ठेवावा लागतो. धनुष्याचा स्कोप डोळ्यापासून पाऊण मीटर किंवा त्याहूनही दूर असतो. त्यामुळे रायफलची दुर्बीण धनुष्याला लावून उपयोग नाही. ऑनलाइन खरेदीत केवळ 'स्कोप' हा शब्द पाहून वस्तू मागविणाऱ्यांनी हा फरक प्रथम ध्यानात घ्यावा.

आधी प्रकार ठरवा

आपल्याकडे तिरंदाजीचे तीन प्रकार खेळले जातात. बांबूच्या पारंपरिक धनुष्याचा इंडियन राउंड, ऑलिम्पिकमध्ये १९७२ पासून सलग असलेला रिकर्व्ह आणि तिसरा कंपाउंड. इंडियन राउंडमध्ये स्कोपचा प्रश्नच उद्भवत नाही. रिकर्व्ह धनुष्याला नेमाची साइट लावता येते, पण तिच्यात भिंग, लोलक किंवा पाणसळ असलेली चालत नाही. भिंगाचा स्कोप लावून रिकर्व्हच्या स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूचे साहित्य तपासणीतच नाकारले जाईल. कंपाउंडमध्ये भिंग आणि पाणसळ दोन्ही चालतात. विजेवर वा बॅटरीवर चालणारे उपकरण मात्र धनुष्यावर चालत नाही. त्यामुळे प्रकाशमान ठिपक्याचे बॅटरीवरील स्कोप शिकारीच्या साहित्यात कितीही आकर्षक दिसले तरी स्पर्धेच्या दृष्टीने ते निरुपयोगी होत.

कंपाउंडलाच भिंग का, याचे कारण धनुष्याच्या रचनेत आहे. अमेरिकेतील मिसुरी प्रांताच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी या धनुष्याचे पेटंट १९६९ मध्ये मिळविले. दोन्ही टोकांना असलेल्या विशिष्ट आकाराच्या चाकांमुळे प्रत्यंचा पूर्ण ओढल्यावर हातावरील भार एकदम कमी होतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत कंपाउंडचा कमाल ताण ६० पाउंड, म्हणजे सुमारे २७ किलो असतो. भार ७० टक्क्यांनी कमी करणाऱ्या धनुष्यात नेम धरताना हातावर प्रत्यक्षात सुमारे ८ किलोच राहतात. रिकर्व्हमध्ये सारा भार बोटांवर असल्याने बाण लवकर सोडावा लागतो. कंपाउंडमध्ये काही सेकंद शांतपणे नेम धरता येतो, म्हणून भिंगातून लक्ष्य निरखण्यास अवसर मिळतो.

आणखी एक बाब. लॉस एंजिलिस येथे २०२८ मध्ये होणाऱ्या ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा प्रथमच समावेश करण्यात आला आहे. कंपाउंडकडे ओढा वाढण्याचे हेही एक कारण आहे. पण मुलाने कोणता प्रकार निवडावा हे प्रशिक्षकाने त्याची शरीरयष्टी आणि आवड पाहून ठरवावयाचे असते. स्कोपची खरेदी त्यानंतरची पायरी होय.

लक्ष्य किती मोठे दिसते?

कंपाउंडची स्पर्धा ५० मीटर अंतरावरून होते. लक्ष्याचा कागद ८० सेंटीमीटरच्या मापाचा असतो आणि त्यातील १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास ८ सेंटीमीटर असतो. म्हणजे साधारण चहाच्या बशीहूनही लहान गोल, क्रिकेटच्या अडीच खेळपट्ट्यांइतक्या अंतरावर. ९ आणि १० गुणांचा मिळून पिवळा भाग १६ सेंटीमीटरचा असतो. पात्रता फेरीत ७२ बाण मारावयाचे असतात आणि कमाल गुण ७२० असतात. बाद फेरीची लढत १५ बाणांची, कमाल १५० गुणांची. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत ओजस देवतळेने अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण मिळवून पोलंडच्या खेळाडूला १५०-१४९ असे हरविले, तर साताऱ्याच्या अदिती स्वामीने १४९ गुणांसह महिलांचे विश्वविजेतेपद मिळविले. या पातळीवर एक ९ म्हणजे पराभव असू शकतो.

भिंगाची शक्ती : आकड्यांना भुलू नका

भिंगाची शक्ती डायऑप्टर या एककात मोजतात. चष्म्याचा नंबर ज्या एककात असतो, तेच हे एकक. कंपाउंडसाठी साधारणपणे ०.२५ ते १.०० डायऑप्टरची भिंगे वापरली जातात. बाजारात मात्र ०.५० डायऑप्टरला '४ एक्स', ०.७५ ला '६ एक्स' आणि १.०० ला '८ एक्स' म्हणण्याची प्रथा आहे. त्यामुळे '४ एक्स'मधून लक्ष्य चौपट दिसेल असा समज होतो. तो बरोबर नाही.

प्रत्यक्षात लक्ष्य किती पट मोठे दिसेल हे भिंगाच्या शक्तीइतकेच भिंग डोळ्यापासून किती दूर आहे यावरही अवलंबून असते. त्याचे गणित सोपे आहे. भिंगाची डायऑप्टर शक्ती आणि डोळ्यापासूनचे मीटरमधील अंतर यांचा गुणाकार करावा. तो १ मधून वजा करावा. जे उरेल त्याने १ ला भागावे.

उदाहरणार्थ, उंच खेळाडूच्या डोळ्यापासून भिंग ८० सेंटीमीटरवर आहे आणि भिंग ०.५० चे आहे. गुणाकार ०.४०, वजाबाकी ०.६०. म्हणजे लक्ष्य सुमारे १.६७ पट दिसेल. भिंग ०.७५ चे घेतले तर अडीच पट आणि १.०० चे घेतले तर थेट पाचपट. शक्ती दुप्पट केली की लक्ष्याचा दिसणारा आकार तिप्पट होतो, हे यातून लक्षात येईल. आता हेच भिंग लहान हाताच्या मुलाने वापरले आणि अंतर ६५ सेंटीमीटरच असेल, तर ०.५० चे भिंग सुमारे दीडपट आणि ०.७५ चे जवळजवळ दुप्पट दाखविते. म्हणजेच मोठ्या खेळाडूला मानवलेले भिंग लहान मुलाला तसेच दिसेल असे नाही. वाढत्या वयातील मुलाचा हात लांब होईल तसे त्याच भिंगातून दिसणारे लक्ष्यही मोठे होत जाते.

लक्ष्य मोठे दिसणे हा निव्वळ फायदा असता तर सर्वांनीच १.०० चे भिंग घेतले असते. पण भिंग हाताचा कंप कमी करीत नाही, तो केवळ मोठा करून दाखविते. धनुष्य धरलेला कोणाचाही हात पूर्णपणे स्थिर नसतो. कमी शक्तीच्या भिंगात हा कंप पिवळ्या भागात शांतपणे फिरणाऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. जास्त शक्तीच्या भिंगात तोच कंप ठिपक्याने घातलेला गोंधळ वाटतो. मग नवा खेळाडू ठिपका १० च्या वर्तुळात येताच घाईने बाण सोडू लागतो. पुढे पुढे ठिपका मध्यावर न्यायलाच त्याचे मन धजत नाही. नेमाची ही धास्ती एकदा बसली की ती घालविणे कठीण असते. चुकीच्या स्कोपमुळे होणारे खरे नुकसान हेच होय.

म्हणून नवख्याने ०.५० किंवा त्याहून कमी शक्तीच्या भिंगापासून प्रारंभ करावा. अगदी सुरुवातीचे काही महिने भिंगाशिवाय, केवळ कडे आणि खूण ठेवून सराव केल्यास हरकत नाही. ठिपका पिवळ्या भागातच सातत्याने फिरतो असे दिसू लागले, गुण स्थिर झाले, की ०.७५ चा विचार करता येईल. पुढची पायरी घेताना प्रशिक्षकाकडील वा सहकाऱ्याचे भिंग मागून किमान आठवडाभर वापरून पाहावे आणि दोन्ही भिंगांवरील गुण वहीत लिहून तुलना करावी. डोळ्यांना काय आवडते याहून वहीतील गुण अधिक खरे बोलतात.

भिंगावर लिहिलेल्या शक्तीबद्दल शंका असल्यास चष्म्याच्या दुकानातील भिंगमापक यंत्रावर ती तपासून घेता येते.

खूण : ठिपका, वर्तुळ की तंतू

भिंगावरील खूण तीन प्रकारची असते. चिकटविलेला ठिपका, पोकळ वर्तुळ किंवा मध्यभागी आणलेला चमकदार प्रकाशतंतूचा बिंदू. ठिपका लक्ष्याचा मध्य झाकतो. काहींना ते सोयीचे वाटते, कारण मग मन ठिपक्याच्या थरथरण्यात अडकत नाही. वर्तुळामधून मध्य दिसत राहतो आणि डोळा आपोआप गोलात गोल बसवितो. रायफल नेमबाजांच्या पुढील वर्तुळाचे तत्त्व हेच आहे. प्रकाशतंतू ढगाळ हवेत ठळक दिसतो, मात्र कडक उन्हात तो इतका चमकतो की त्याची कड पसरल्यासारखी वाटते.

खुणेचे माप अंदाजाने घेऊ नये. भिंग नसताना ५० मीटरवरील ८ सेंटीमीटरचे १० चे वर्तुळ ८० सेंटीमीटरवरील स्कोपच्या पातळीत सुमारे १.३ मिलिमीटर दिसते. ०.५० च्या भिंगातून ते सुमारे २.१ मिलिमीटर होते आणि पिवळा भाग सुमारे ४.३ मिलिमीटर. म्हणजे या भिंगावर २ मिलिमीटरचा ठिपका १० चे वर्तुळ जवळजवळ नेमके झाकेल. वर्तुळ वापरावयाचे असेल तर ते पिवळ्या भागाहून किंचित मोठे घ्यावे, म्हणजे भोवती तांबड्या रंगाची सारखी कड दिसत राहील. अतिशय बारीक ठिपका नवख्याने टाळावा. खूण जितकी लहान, तितका तिचा कंप मनाला अधिक टोचतो. वेगवेगळ्या मापांचे चिकट ठिपके आणि वर्तुळे अल्प किमतीत मिळतात. प्रयोग करावयाचा तो त्यांच्यावर करावा, भिंगांवर नव्हे.

पीप आणि डोळ्याचा नंबर

स्कोपचा जोडीदार म्हणजे प्रत्यंचेत बसविलेले बारीक छिद्राचे कडे, ज्याला खेळाडू 'पीप' म्हणतात. प्रत्यंचा पूर्ण ओढली की पीप डोळ्यासमोर येतो आणि त्यातून स्कोपचे कडे दिसते. पीपचा गोल आणि स्कोपच्या कड्याचा गोल एकमेकांत बरोबर बसावयास हवेत, सभोवार प्रकाशाची बारीक, सारखी रेघ दिसावयास हवी. यासाठी स्कोपच्या कड्याचा व्यास आणि पीपचे छिद्र यांची जोडी जुळवावी लागते. कडी साधारण ३० ते ४० मिलिमीटरच्या आसपासच्या मापांत मिळतात. मोठे कडे आणि मोठे छिद्र घेतल्यास प्रकाश भरपूर मिळतो, पण नेमातील बारकावा कमी होतो. लहान छिद्रातून लक्ष्य रेखीव दिसते, पण ढगाळ दिवशी अंधारते. त्यामुळे स्कोप घेताना पीप बदलावा लागेल काय, हे त्याच वेळी विचारून घ्यावे.

भिंगातून पाहिल्यावर लक्ष्य मोठे पण धूसर दिसत असेल, तर त्यावर उपाय म्हणजे पीपमध्ये बसणारे छोटे अंतर्वक्र भिंग. त्याला क्लॅरिफायर म्हणतात. ते स्कोपच्या भिंगाच्या शक्तीशी जुळते असावे लागते. त्याच पीपमध्ये बसणारे व्हेरिफायर नावाचे दुसरे भिंगही मिळते. ते लक्ष्य नव्हे तर खूण स्पष्ट दिसण्यासाठी असते आणि स्कोपला भिंग नसताना उपयोगी पडते. या दोन नावांत गल्लत होऊन चुकीची वस्तू घरी येण्याची शक्यता मोठी असते.

त्याही आधी, मुलाचे डोळे नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत. लपलेला नंबर स्कोपने भरून काढण्याचा प्रयत्न करणे म्हणजे रोग एकाला आणि औषध दुसऱ्याला देण्यासारखे आहे. नेमासाठी बलवान डोळा कोणता हेही तपासावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबावर बोट रोखावे आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने पाहताना बोट खांबावरच राहते तो बलवान डोळा. उजव्या हाताने प्रत्यंचा ओढणाऱ्याचा डावा डोळा बलवान असेल तर प्रशिक्षकाशी आधी बोलावे, खरेदी नंतर.

पाणसळ : एका अंशाचा फरक

गवंडी जशी भिंत तपासतो तशीच पाणसळ स्कोपच्या तळाशी असते. धनुष्य उजवीकडे वा डावीकडे कलले आहे काय, हे तिच्यातील बुडबुडा सांगतो. धनुष्य ज्या बाजूला कलते त्या बाजूला बाण जातो. बाणाचा वेग सेकंदाला ८५ मीटर, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरहून अधिक धरला, तर ५० मीटरपर्यंत पोहोचेतो तो गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे पावणेदोन मीटर खाली येतो. साइट वरखाली करून आपण ही घट भरून काढलेली असते. पण धनुष्य एक अंशाने कलले की ही भरपाईही तिरपी होते आणि बाण सुमारे ३ सेंटीमीटर बाजूला जातो. १० च्या वर्तुळाची त्रिज्या अवघी ४ सेंटीमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे पाणसळीचे मोल कळते.

म्हणून स्कोप घेताना बुडबुडा सहज दिसतो काय, तो फार सुस्त किंवा फार चंचल तर नाही ना, हे पाहावे. स्कोप बसविल्यावर पाणसळ धनुष्याच्या उभ्या रेषेशी काटकोनात आहे की नाही, याची जुळणी ओळंबा लावून करावी लागते. ही जुळणी करण्यासाठी साइटमध्ये वेगळा स्क्रू असलेला प्रकार घ्यावा. डोंगरउतारावर खेळल्या जाणाऱ्या फील्ड तिरंदाजीसाठी पुढेमागे वळण्याची आणखी एक जुळणी लागते. केवळ सपाट मैदानावर खेळणाऱ्याने तीसाठी जादा पैसे मोजण्याची घाई करू नये.

एका मिलिमीटरची किंमत

भिंग कितीही उत्तम असले तरी ते ज्या साइटवर बसते ती सैल असेल तर सारे व्यर्थ. स्कोप डोळ्यापासून ८० सेंटीमीटरवर असताना तो १ मिलिमीटर सरकला तर ५० मीटरवर बाण सव्वासहा सेंटीमीटर हलतो. म्हणजे नेमका मध्यावर जाणारा बाण १० च्या बाहेर, ९ मध्ये जाऊन बसतो. शांघायमध्ये सुवर्ण आणि रौप्य यांमध्ये एवढेच अंतर होते.

बाण सुटताना धनुष्याला बसणारा हादरा शेकडो बाणांनंतर स्क्रू सैल करतो. त्यामुळे साइट निवडताना तिचे वरखाली आणि डावीउजवीकडे सरकणारे भाग बारीक आट्यांचे आहेत काय, प्रत्येक टिचकीला ते सारखेच सरकतात काय आणि घट्ट केल्यावर हाताने हलविता येतात काय, हे पाहावे. अमेरिकेची ॲक्सेल, जपानची शिबुया अशा कंपन्यांच्या साइट स्पर्धांमध्ये दिसतात. पण नावापेक्षा हाताळून पाहणे महत्त्वाचे. जुळणी पूर्ण झाल्यावर प्रत्येक स्क्रूवर आणि त्याच्या शेजारच्या भागावर मिळून शाईची एकच बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, हे सरावाआधीच कळते.

नेम दुरुस्त करण्याचा नियम साधा आहे. बाण ज्या बाजूला जातात, त्याच बाजूला साइट सरकवावी. बाण डावीकडे तर साइट डावीकडे, बाण खाली तर साइट खाली. मात्र एका बाणावरून साइट हलवू नये. किमान तीन-तीन बाणांचे दोन फेरे पाहून, त्यांचा मध्य काढून मगच हात लावावा.

घाटावर आणि घाटाखाली

बुलडाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग सर्वांच्या बोलण्यात असतात. बुलडाणा, चिखली, मेहकरचा पठारी भाग तुलनेने सुसह्य. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावच्या पट्ट्यात उन्हाळा भाजून काढतो. स्कोपच्या दृष्टीने ऊन, धूळ आणि पाऊस हे तिन्ही शत्रू होत.

ऊन तिरपे पडले की भिंगावर चकाकी येऊन लक्ष्य फिके दिसते. त्यासाठी कड्यापुढे बसणारी छोटी आडोशाची नळी मिळते. चकाकी रोखणारा लेप असलेले भिंग घेणे परवडत असेल तर ते घ्यावे. उन्हात उभ्या मोटारीत धनुष्य आणि स्कोप ठेवू नयेत. प्लास्टिकची भिंगे, चिकट ठिपके आणि प्रत्यंचा या तिन्हींना ते मानवत नाही. धूळ बसलेले भिंग शर्टाच्या टोकाने पुसणे ही सर्वांत मोठी चूक आहे. त्याने बारीक चरे पडतात आणि ते कायमचे असतात. आधी फुंकणीने धूळ उडवावी आणि मग चष्म्याच्या मऊ कापडाने हलकेच पुसावे. पावसात भिंगावर थेंब बसला की लक्ष्य दिसेनासे होते. स्पर्धा पावसातही चालते, म्हणून पावसात सराव करण्याची आणि कोरडे कापड जवळ ठेवण्याची सवय लावावी.

खरेदीचा क्रम

सारांश म्हणून खरेदीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. प्रशिक्षकाशी बोलून प्रकार निश्चित करावा. रिकर्व्ह असल्यास भिंगाचा स्कोप घेऊ नये.

२. डोळे तपासावेत.

३. धनुष्य खेळाडूच्या मापाचे करून घ्यावे. प्रत्यंचा ओढण्याची लांबी निश्चित झाल्याशिवाय स्कोपचे अंतर ठरत नाही.

४. पैसे मर्यादित असल्यास ते आधी मजबूत साइटवर खर्च करावेत. भिंग पुढे बदलता येते, सैल साइट मात्र रोज त्रास देते.

५. सुरुवात ०.५० किंवा त्याहून कमी शक्तीच्या भिंगाने करावी.

६. कड्याचा व्यास, भिंगाची डायऑप्टर शक्ती आणि पीपचे छिद्र ही तिन्ही मापे पावतीवर लिहून घ्यावीत. सुटे भाग वेगळे मिळतात काय, हे विचारावे.

७. वापरलेला स्कोप घेतल्यास भिंग प्रकाशासमोर धरून चरे पाहावेत आणि साइटच्या आटे झिजलेल्या नाहीत याची खात्री करावी. ज्येष्ठ खेळाडूने वापरलेला चांगला स्कोप हा नव्या पण हलक्या दर्जाच्या स्कोपपेक्षा केव्हाही बरा.

स्पर्धेचे नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून शालेय किंवा संघटनेच्या स्पर्धेत उतरण्यापूर्वी त्या वर्षीचे नियमपत्रक जिल्हा क्रीडा कार्यालयातून किंवा प्रशिक्षकाकडून पाहून घ्यावे.

सुरक्षितता आधी

स्कोप नवा आला की घरात, गच्चीवर धनुष्य ओढून पाहण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. बाण न लावता ओढलेली प्रत्यंचा चुकून सुटली तर कंपाउंड धनुष्याची चाके आणि पाती तुटू शकतात व डोळ्याला इजा होऊ शकते. बाण लावून स्कोपमधून इकडेतिकडे पाहणे तर त्याहून घातक. स्कोपची चाचणी मैदानावर, लक्ष्याच्या मागे मोकळा बांध वा भिंत असताना, प्रशिक्षकासमोरच करावी. स्कोपमधून सूर्याकडे कधीही पाहू नये.

शांघायच्या त्या अंतिम लढतीत दोन्ही खेळाडूंच्या धनुष्यावर भिंग होते, पाणसळ होती आणि दोघांपुढे ८ सेंटीमीटरचे तेच वर्तुळ होते. निकाल लागला तो १५ बाण सारख्याच शांतपणे सोडण्याच्या सवयीवर. ही सवय दुकानात मिळत नाही, ती मैदानावर रोजच्या सरावाने लागते. योग्य स्कोप त्या सवयीच्या आड येत नाही आणि अयोग्य स्कोप तिला रुजूच देत नाही. खरेदीला निघालेल्या पालकांनी एवढे जरी ध्यानात ठेवले, तरी पैसे आणि मुलाची उमेद दोन्ही शाबूत राहतील.